डुण्डुभाची विनवणी आणि आपली नागपंचमी

श्रावण शुद्ध पंचमीस महाराष्ट्रातील गृहिणी पाटावर गंधाने नागांची आकृती रेखाटते, तिला दूर्वा-आघाडा, लाह्या आणि दूध वाहते. त्या दिवशी घरात विळी हाती घेत नाहीत, चुलीवर तवा चढत नाही, तळण होत नाही. पुरणाचे दिंड उकडून नैवेद्य दाखवितात. कुणबीही त्या दिवशी जमिनीस नांगर, कुदळ, खुरपे काही लावीत नाही. या निषेधांची टर उडविणारे सुशिक्षित आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी नागपंचमीच्या कहाणीकडे एकवार नीट पाहावे. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिले मरतात, नागीण त्याच्या घरावर सूड घेते, आणि पाटावर नाग काढून त्याची पूजा करणाऱ्या त्याच्याच लेकीच्या दारी मात्र तिचा राग निवतो. कहाणी भोळी खरी. पण जिने ती प्रथम सांगितली तिचे ऋतुज्ञान पक्के होते. नागीण उन्हाळ्यात बिळात अंडी घालते, सुमारे दोन महिन्यांनी ती फुटतात, आणि पिले बाहेर पडण्याचा काळ व शेतीच्या कामाचा हंगाम यांची गाठ नेमकी पावसाळ्यात पडते. त्या दिवसांत लोखंड जमिनीस लावताना जरा थांबा, एवढेच त्या कहाणीचे सांगणे आहे.

आणि आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. कहाणीतील लेक पाटावरच्या नागाला पूजते, गारुड्याच्या टोपलीतल्या नागाला नव्हे. टोपलीतला नाग आपल्या दारी येतो तो दात उपटलेला, कधी विषग्रंथी फोडलेला, कित्येक दिवस पाण्यावाचून कोंडलेला असतो. तो वाटीला तोंड लावतो ते तहानेने. त्यात भक्ती स्वीकारल्याचा काही संबंध नाही. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न. सापाला ते मानवत नाही, आणि अशा रीतीने पाजलेले दूध पुष्कळदा त्याच्या मरणाचे निमित्त होते. म्हणजे देवाला नैवेद्य दाखवावा आणि त्याच नैवेद्याने देवाने प्राण सोडावा, असा हा प्रकार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने नाग पकडणे, बाळगणे आणि त्याचा खेळ करणे हा गुन्हा ठरविला. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यास जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक पिढ्यान् पिढ्या चालत असे. तीही मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी थांबली. २०२५ साली अभ्यास व लोकशिक्षण या कारणाने तेथे मोजके नाग पकडण्याची अटींसह परवानगी मिळाली, त्याचा आनंद पुष्कळांस झाला. आम्हांस मात्र तो पुरता होऊ शकला नाही. शिराळकरांची नागावरील माया खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पकडल्यावाचून शिकविता येत नाही, हे म्हणणे आमच्या गळी उतरत नाही.

महाभारताचे आदिपर्व उघडले की आरंभीच सर्पच सर्प दिसतात. जनमेजयाचे सर्पसत्र आणि ते थांबविणारा आस्तिक ही कथा सर्वांस ठाऊक आहे. बापाच्या मृत्यूचा सूड म्हणून राजाने सर्व जातीच्या सर्पांस अग्नीत ओढविले, आणि कोवळ्या वयाच्या त्या ब्राह्मणाने दक्षिणा म्हणून धन किंवा गाई न मागता सत्र थांबविणे मागितले. प्राणी वाचविण्याचा आपल्या वाङ्मयातील हा सर्वांत मोठा उद्योग म्हणावयास हरकत नाही. पण त्याआधी तेथेच एक लहानसे उपाख्यान येते, ते आमचे कीर्तनकार बंधू सहसा लावीत नाहीत. ते रुरूचे.

रुरूची वाग्दत्त वधू प्रमद्वरा मैत्रिणींसह खेळताना नकळत सापावर पाय पडून दंशाने मरते. रुरू आपले अर्धे आयुष्य देऊन तिला परत मिळवितो. परंतु त्याच्या मनातील अढी जात नाही. दिसेल तो साप मारावयाचा, असे व्रत घेऊन तो दंड उगारीत रानोरान फिरतो. एके दिवशी त्यास एक म्हातारा डुण्डुभ दिसतो. दंड उगारताच तो साप मनुष्यवाणीने बोलतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा की, मी तुझे काही वाईट केलेले नाही. माणसाला दंश करणारे साप निराळे, आणि आम्ही केवळ सापाच्या नावाचे धनी. त्यांचे सुख आमच्या वाट्याला येत नाही, शिक्षा मात्र त्यांच्याबरोबर आम्हांसही होते. अमरकोशात पाताळवर्गात डुण्डुभाचे नाव आहे, आणि कोशकार त्याचा अर्थ बिनविषारी पाणसाप असा करतात. आपला दिवड त्याच जातकुळीतला. हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रंथात विषारी आणि बिनविषारी यांचा भेद स्वतः सापाच्या तोंडून सांगितला जावा, याचे आम्हांस फार नवल वाटते. सुश्रुताने तर कल्पस्थानात सर्पांचे ऐंशी प्रकार मोजून फणेचे ते दर्वीकर, मंडलांचे ते मंडली, रेघांचे ते राजिमान आणि त्यांखेरीज निर्विष अशी व्यवस्था लाविली. नाग, घोणस आणि मण्यार या तिघांची पहिली ओळख ती हीच.

गेल्या श्रावणात सप्ताहाच्या निमित्ताने मारेगावास आमचा मुक्काम होता. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व अंगाचा हा तालुका. एका बाजूस वणी, दुसऱ्या बाजूस झरी-जामणी. काळी जमीन, तीत पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर, मध्येच सागाचे रान, रानाच्या कडेला कोलामांचे पोड. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्यांच्या गोठ्यात दुपारी एकच गलका झाला. कुटाराच्या ढिगात साप निघाला होता. पाच-सहा जण काठ्या घेऊन उभे. घरातील म्हातारी आजी मध्ये आडवी होऊन म्हणत होत्या, “मारू नका रे बाप्पा, पंचमी चार दिवसांवर आली!” आजींची हरकत पंचमीपुरतीच होती की काय, हे आम्ही विचारले नाही. तोवर कोणी तरी गावातील एका सर्पमित्रास बोलावणे धाडले. दुचाकी दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा विशीतला पोरगा तो. हातात लोखंडी आकडा, खांद्यावर कापडी पिशवी आणि प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा. त्याने सापास हातही लाविला नाही. आकड्याने हलकेच वळवून नळीच्या तोंडाशी आणले, अंधार पाहून साप आपण होऊन नळीतून पिशवीत शिरला, आणि पिशवीची गाठ बसली. सारा कार्यभाग चार मिनिटांचा.

“महाराज, ही धामण आहे,” तो आम्हांस म्हणाला. “हिच्यात जहर नाही. कुटारात उंदरं झाले, त्याच्या मांगं आली ते.” यजमानांनी पुढे केलेली नोट त्याने घेतली नाही, पेट्रोलपुरते मात्र घेतले. त्याला बसवून चहा दिला तेव्हा तो हळूहळू बोलता झाला. मागल्या पावसाळ्यात एका गावी रात्री खाली झोपलेल्या बाईला मण्यार चावली. घरच्यांनी तिला मारुतीच्या देवळात नेऊन बसविले, उतारा करणारास बोलाविले, आणि उजाडेपर्यंत वाट पाहिली. सकाळी दवाखान्याच्या दारात पोचेतो तिच्या पापण्या मिटल्या होत्या आणि श्वास अडला होता. हा पोरगा त्या घरी साप पकडावयास गेला तो सकाळीच. “महाराज, आम्ही सांगितलं तर लोक म्हणतात, पोट्टे आहेत. तुम्ही गादीवरून सांगितलं तर ऐकतीन.”

देवळाचे नाव त्या हकिकतीत यावे, हे आम्हांस झोंबले. त्या रात्री उत्तररंगास आम्ही योजिलेले आख्यान बाजूस ठेवून रुरूचे लाविले.

आता जे गादीवरून सांगितले, ते येथे लिहितो. कारण सणाचे पान पुष्कळ घरी जपून ठेवतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पविषबाधेस दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. भारत सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय कृतिआराखडा काढून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले. देशात सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत. पण या मृत्यूंचा मोठा भार चौघांवर येतो. नाग, मण्यार, घोणस (हिलाच वऱ्हाडाकडे परड म्हणतात) आणि फुरसे. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस याच चौघांच्या विषावर चालते, आणि ती शासकीय रुग्णालयात मोफत मिळते. या लसीसाठी लागणारे विष बहुतांशी चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येते. पूर्वी सापांची कातडी विकून पोट भरणारे हे लोक. १९७८ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची संस्था उभी राहिली. साप पकडावा, विष काढावे, पुन्हा रानात सोडावा, हा त्यांचा क्रम. मात्र प्रांताप्रांतांतील सापांच्या विषात फरक असतो आणि दूरच्या सापाच्या विषावर बनविलेली लस सर्वत्र सारखी लागू पडेलच असे नाही, हेही संशोधकांनी दाखवून दिले आहे. आपल्या काळ्या मातीतील सापांच्या विषाचा विचार लस बनविताना व्हावा, ही मागणी वैदर्भीयांनी मोठ्याने करावयास हवी.

मण्यारीविषयी विशेष सांगावेसे वाटते. ती रात्री हिंडते, भुईवर निजलेल्यास चावते, आणि तिचा दंश इतका हलका असतो की पुष्कळदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, घसा धरतो, डोळे उघडे राहत नाहीत. आणि घरची माणसे म्हणतात, काल रात्रीचे जेवण बाधले. पावसाळ्यात पहाटे अशी लक्षणे दिसली तर ओव्याची फक्की शोधत बसू नये. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. भुईवर निजणे टाळता येत नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून निजावे. रानडुकरांपासून पीक राखावयास शेतात जागलीला जाणाऱ्याने हाती विजेरी आणि पायी रबरी बूट घातल्यावाचून बांध ओलांडू नये.

दंश झाल्यावर काय करावे, या बाबतीत आम्हांस आमच्याच ग्रंथाविरुद्ध बोलणे भाग आहे. दंशाच्या चार अंगुळे वर बंध आवळावा, छेद द्यावा, विष शोषून काढावे, असे सुश्रुताने लिहिले आहे. शास्त्राचा अभिमान आम्हांस कोणाहून कमी नाही. परंतु त्याच्या काळी लस नव्हती. हाती होते त्यात तो सर्वोत्तम तेच सांगत होता. आजचे वैद्यक सांगते की आवळून बांधल्याने अवयव सडतो, कापल्याने रक्त थांबत नाही, आणि चोखून विष निघत नाही. रुग्णास धीर द्यावा, चालवू नये, चावलेला हात वा पाय मोडक्या हाडाला बांधतात तसा काठी लावून स्थिर ठेवावा, अंगठ्या-जोडवी काढावीत, आणि थेट रुग्णालय गाठावे. सुश्रुत आज असता तर त्यानेही हेच लिहिले असते, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. देवळात न्यावयाचे ते घरी परत आल्यावर, नारळ फोडण्यास.

सर्पमित्र ही संस्था महाराष्ट्रात काही आकाशातून पडली नाही. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसह ७२ तास एका काचेच्या खोलीत बसले. त्रास दिल्यावाचून साप चावत नाही, एवढे लोकांस पटविण्यासाठी तो खटाटोप होता. पुढे १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. त्याहून आधी, १९७३ मध्ये, गडचिरोलीच्या घोर अरण्यात हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत आई मेलेल्या एका माकडाच्या पिलास आश्रय दिला, आणि त्या एका पिलापासून प्राण्यांचे अनाथालय वाढत गेले. शिकारीवर जगणाऱ्या माडिया लोकांस दोष देत न बसता त्यांच्या आजारावर औषध आणि पोटाला धान्य दिले, आणि मग पिले आपोआप अनाथालयाकडे येऊ लागली. उपदेशाचा हा क्रम कीर्तनकारांनी शिकण्यासारखा आहे.

परंतु आज सर्पमित्र म्हणविणारे सारेच त्या वाटेने चालले आहेत, असे म्हणणे धाडसाचे होईल. नागाला गळ्यात घालून छायाचित्र काढणारे, फणेचे चुंबन घेणारे, पकडलेले साप चार-चार दिवस बरणीत ठेवून मंडळांच्या कार्यक्रमात काढून दाखविणारे आम्ही पाहिले आहेत. अशा खेळापायी भर तारुण्यात गेलेल्यांच्या बातम्या दरसाल वाचावयास मिळतात. रुरूच्या आख्यानाचा शेवट येथे आठवतो. तो डुण्डुभ म्हणजे मुळात सहस्रपाद नावाचा ऋषी. त्याने थट्टेने गवताचा साप करून अग्निहोत्रात मग्न असलेल्या आपल्या खगम नावाच्या मित्रास भिवविले. मित्र मूर्च्छित पडला, आणि शुद्धीवर येताच त्याने शाप दिला की, तू ज्याचा खेळ केलास तसाच निर्वीर्य सर्प हो. गवताच्या सापाच्या खेळास ही शिक्षा. जिवंत सापाच्या खेळास कोणती असावी, ते वाचकांनीच ठरवावे. आणि दोष एकट्या पोराचाही नाही. तो फणा धरून उभा राहतो तेव्हा टाळ्या वाजविणारे आपण असतो. आमच्या मारेगावच्या पोराला, आकड्याने साप वळवून मुकाट्याने निघून जाणाऱ्याला, कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत.

सोडविलेला प्राणी पुढे जगतो की नाही, हा तर याहून कठीण प्रश्न. धामण धरून वीस कोस दूरच्या जंगलात सोडली म्हणजे पुण्य पदरी पडले, असे पुष्कळांस वाटते. पण तिला तेथली बिळे, पाणी, शत्रू यांपैकी काहीच ठाऊक नसते. जेथे धरली तेथून जवळच्याच सुरक्षित जागी तिला सोडावे, आणि वनखात्यास नोंद द्यावी, हीच रीत. नांगराने कापलेला, मासेमारीच्या जाळ्यात गुरफटलेला साप असेल तर त्याला उपचार हवेत. त्यासाठी नागपुरास वनखात्याचे उपचार केंद्र आहे. आणि उपचाराने व मायेने सर्व काही साधते असेही नाही. मारेगावच्या शेजारच्या पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूचा आळ असलेली वाघीण २०१८ च्या नोव्हेंबरात मारली गेली. तिची बछडी वनखात्याने पकडून पेंचच्या कुंपणात वाढविली, शिकार करावयास शिकू दिली, आणि २०२१ च्या मार्चमध्ये गळ्यात पट्टा बांधून रानात मोकळी केली. थोड्याच दिवसांत दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती मेली. कोणाची कसूर होती, असे आम्ही म्हणत नाही. तोडलेला धागा पुन्हा जोडणे किती अवघड, हे मात्र त्यातून दिसते. म्हणूनच प्राणी पकडण्याची वेळच येऊ न देणे, हे काम मोठे. गोठ्यातील कुटार घरापासून दूर रचणे, दाराशी सरपण न साठविणे, उंदीर होऊ न देणे, यात कसलीही मर्दुमकी नाही, पण साप आणि माणूस दोघेही त्यानेच वाचतात.

या कामास पैसा लागतो, आणि तो कोठून यावा हे सांगण्याचा अधिकार देवस्थानच्या गावात हयात घालविल्यामुळे आम्ही घेतो. श्रावणात आमच्या गावी वारुळात आणि पिंडीवर ओतले जाणारे दूध ज्याने पाहिले आहे, त्यास पैसा नाही हे कोणी पटवू नये. वाटीभर दूध पाटावरच्या नागापुढे ठेवावे आणि मग घरातल्या लेकरास द्यावे; आजीचे व्रत मोडत नाही. उरलेल्या द्रव्यातून उत्सव समितीने गावातील सर्पमित्रास चांगला आकडा, पिशव्या, बूट आणि विम्याचा हप्ता द्यावा. शेतमजूर बायांस विजेऱ्या द्याव्यात. देवळाच्या भिंतीवर, घंटेखाली, जवळच्या रुग्णालयाचे नाव, १०८ हा आकडा आणि वनखात्याचा १९२६ हा आकडा रंगवून ठेवावा. उत्तर हिंदुस्थानात साप येऊ नये म्हणून घराच्या भिंतीवर आस्तिकाचे नाव लिहितात. आपण त्याच्या नावाखाली हे दोन आकडे लिहिले तर आस्तिक रागावणार नाही. मात्र समितीने एक अट घालावी: व्यासपीठावर जिवंत साप आणावयाचा नाही. चित्रे दाखवावीत, कात दाखवावी, आकडा कसा धरतात ते दाखवावे.

यंदाच्या सप्ताहाचे निमंत्रण मारेगावच्या समितीकडून आले तेव्हा आम्ही उलट टपाली कळविले की, पंचमीच्या कीर्तनास येऊ. पण पूर्वरंगाआधीचा अर्धा तास त्या दुचाकीवाल्या पोराचा राहील, तो गादीशेजारी उभा राहून बोलेल, आणि बिदागीतील निम्मी रक्कम त्याच्या आकड्या-पिशव्यांसाठी काढून ठेवावी. निमंत्रण मागे घेतल्याचे पत्र अजून आलेले नाही.